ब्रह्मकमळाचा फोटो घरात, रात्री काढायचाय... लाईट आणि बॅकग्राउंडचं काय करू?

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आमच्या बाल्कनीत ब्रह्मकमळाची कुंडी आहे, सासूबाईंनी पंधराएक वर्षांपूर्वी गुहागरहून एक पान आणून खोचलेलं, त्याला यंदा एकदम सात कळ्या आल्यात आणि चार दिवसांत फुलतील असं दिसतंय. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्यामुळे त्यांना रात्री बाल्कनीचा उंबरठा ओलांडून स्टुलावर बसून फूल बघणं या वर्षी जमणार नाही, म्हणून मला एक खरंच चांगला फोटो काढून तो मोठा प्रिंट करून त्यांच्या खोलीत लावायचाय.

गेल्या वर्षी मी काढलेले फोटो अगदी वाईट आलेत. फूल म्हणजे नुसता पांढरा गोळा, पाकळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते काही कळत नाही, मागे ग्रिल, वॉशिंग मशीन आणि वाळत घातलेले टॉवेल. घरात कुंडी आणून ट्यूबलाईटखाली काढले तर फूल पिवळट हिरवं दिसतं. फ्लॅश मारला तर अजूनच सपाट.

माझ्याकडे एक जुना डीएसएलआर आहे १८-५५ किट लेन्सवाला, ट्रायपॉड आहे (हलका, डगमगतो), आणि फोन. स्टुडिओ लाईट वगैरे विकत घ्यायचे नाहीयेत, घरातल्याच वस्तूंवर भागवायचंय. कुठला दिवा वापरू, कुठे ठेवू, मागे काय लावू? आणि फूल तोडून आणलं तर चालेल का? सासूबाई तोडू देणार नाहीत असं वाटतंय पण विचारून ठेवते.

परसदार

ताई, अजिबात तोडू नका. ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर त्या झाडाचं चपटं खोड असतं आणि फूल त्याच्याच कडेतून येतं. तोडलं की लवकर मान टाकतं आणि फोटोतही त्या लांब वळलेल्या देठाशिवाय ते ब्रह्मकमळ वाटत नाही.

कधी फुलणार ते ओळखायची खूण सांगतो. कळी आधी खाली लोंबत असते, मग एक दिवस देठ इंग्रजी जे सारखा वळून कळी वर तोंड करते आणि टम्म फुगते, बाहेरचे गुलाबी तपकिरी दोरे सैल सुटायला लागतात. ते दुपारी दिसलं की त्याच रात्री फुलणार समजा. आमच्याकडे साडेसात आठला टोक उघडतं, अकरा बाराला पूर्ण, आणि पहाटे बघाल तर मिटून लोंबतंय. म्हणजे तुमच्या हातात तीन चार तास आहेत, एवढंच.

कुंडी आत आणायची असेल तर फुलायच्या दिवशी संध्याकाळीच आणा, हळू. मी एकदा चार दिवस आधी जागा बदलली तर अर्ध्या कळ्या पिवळ्या पडून गळल्या होत्या.

(हे मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड, हिमालयातलं ब्रह्मकमळ पूर्ण वेगळं, ते उत्तराखंडचं राज्यफूल आहे. दर पावसाळ्यात यावरून वाद होतो म्हणून आधीच सांगून टाकलं.)

खिडकीपाशी

अबोली, तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे बघ, ट्यूबलाईट वरून आणि सगळीकडून उजेड फेकते, फ्लॅश समोरून फेकतो, दोन्हीत सावलीच पडत नाही आणि पांढऱ्या फुलात आकार दिसतो तो फक्त सावलीमुळे. आपल्याला उजेड कमी पडतोय असं समजून लोक दिवे वाढवत जातात. उलट कर. घरातले सगळे दिवे बंद, आणि एकच दिवा, एका बाजूने, कापडातून गाळून. बास.

आता कसं ते सांगते, मी गेली सहा सात वर्षं घरातच जास्वंद, अनंत, गोकर्ण, जे मिळेल ते काढत असते. साधा ९ वॉटचा एलईडी बल्ब घे, होल्डरला वायर जोडलेला किंवा टेबल लॅम्पमध्ये. तो फुलाच्या डावीकडे किंवा उजवीकडे, फुलापेक्षा थोडा वर आणि थोडा मागे ठेव. हे मागे फार महत्त्वाचं आहे कारण ब्रह्मकमळाची पाकळी पातळ असते, मागून तिरका उजेड आला की ती आतून उजळते, शिरा दिसतात आणि प्रत्येक पाकळीची कड वेगळी सुटून येते. समोरून उजेड दिला की तीच पाकळी प्लास्टिकसारखी दिसते.

दिवा आणि फुलाच्या मध्ये पांढरं सुती कापड धर. मी भरतकामाची मोठी रिंग वापरते, तिच्यात जुन्या धोतराचा तुकडा ताणून बसवलाय, तो एका जड डब्याला टेकवून उभा राहतो. बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरही चालतो. कापड फुलाच्या जवळ ठेव, वीत-दीड वीत अंतरावर, आणि दिवा कापडापासून फूटभर मागे म्हणजे उजेड पूर्ण कापडभर पसरेल. कापड फुलाला जितकं मोठं आणि जवळ तितकी सावली मऊ. दिवा कापडाला चिकटवू नकोस, आणि जुना पिवळा बल्ब किंवा हॅलोजन असेल तर कापडाजवळ नेऊच नकोस, पेटेल.

दुसऱ्या बाजूला, म्हणजे जिथे सावली पडते तिथे, पांढरी कार्डशीट किंवा फ्रिजच्या पॅकिंगमधला थर्माकोल उभा कर. तो जवळ सरकवला की सावली फिकी, लांब नेला की गडद. हे सरकवत सरकवत तूच डोळ्यांनी बघ, पाच इंचांनीही केवढा फरक पडतो ते. स्टीलचं ताट लावू नकोस, त्याचा चकाकता ठिपका पडतो एका जागी.

अजून एक, पंखा बंद. आणि तू पांढरा, काळा किंवा राखाडी टॉप घाल, लाल किंवा पोपटी घातलास तर त्याचा रंग फुलावर येतो. भिंत हिरवट असेल तर तेच, तुझ्या गेल्या वर्षीच्या हिरव्या रंगात ट्यूबबरोबर भिंतीचाही हात असणार.

आणि आदल्या रात्री रंगीत तालीम कर. पांढरा हातरुमाल चुरगाळून फुलाच्या जागी खोडाला चिमट्याने लाव आणि सगळा सेटअप लावून बघ, फूल उघडत असताना वायर शोधायची वेळ येऊ नये.

जुनाकॅमेरा

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. बॅकग्राउंडबद्दल मी सांगतो.

काळं वेल्वेट घ्या. कापडाच्या दुकानात मीटरभर मिळतं. काळी कार्डशीट नको, ती चमकते आणि फोटोत राखाडी येते, वेल्वेट मात्र उजेड गिळून टाकतं. फुलाच्या मागे निदान चार फूट लांब लावा, कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकलं तरी पुरे. यामागे साधा हिशोब आहे, दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश होतो. दिवा फुलापासून दीड फूट आणि कापड दिव्यापासून सहा फूट असेल तर कापडावर सोळावा हिस्सा उजेड पडतो, म्हणजे चार स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). मग काळं नसलेलं कापडही जवळजवळ काळं दिसायला लागतं. म्हणून वॉशिंग मशीन लपवायला भिंत रंगवायची गरज नाही, दिवा फुलाच्या जवळ आणा आणि मागची भिंत लांब ठेवा.

कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, एफ (लेन्सचं भोक, आकडा मोठा तितकं भोक लहान) ८ ते ११, लेन्स ५५ वर म्हणजे पूर्ण झूम, आणि शटर जितका लागेल तितका, एक सेकंद दोन सेकंद काही हरकत नाही, ट्रायपॉड आहे ना. दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा म्हणजे बटण दाबल्याचा धक्का बसत नाही. ट्रायपॉड डगमगतो म्हणालात तर मधल्या दांड्याला पिशवीत दोन लिटर पाण्याच्या बाटल्या घालून लटकवा. मधला दांडा वर ताणू नका.

काळ्या बॅकग्राउंडवर पांढरं फूल असलं की कॅमेऱ्याचं मीटर फसतं, त्याला वाटतं अंधार आहे, तो एक्स्पोजर वाढवतो आणि फुलाचा गोळा होतो. तुमच्या गेल्या वर्षीच्या फोटोंचं हेच झालंय, मागे रात्रीचा अंधार होता. मीटर सांगेल त्यापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी घ्या. हिस्टोग्राम (कॅमेऱ्यात दिसणारा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटता कामा नये. स्क्रीनवर फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल, रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाईल) काढा, सावली नंतर उचलता येते पण पांढरं उडालेलं, म्हणजे नुसतं कोरं पांढरं झालेलं, परत आणता येत नाही.

खिडकीपाशी

काका, बाकी सगळं पटलं पण काळ्या वेल्वेटवर माझं मत वेगळं आहे. काळ्यावर पांढरं फूल उठून दिसतं हे खरं, पण ते हवेत तरंगल्यासारखं दिसतं, खोडाची गडद हिरवी कड काळ्यात बुडून जाते, आणि अबोलीला तर तेच झाड दाखवायचंय ना, सासूबाईंनी आणलेलं? मी मधला राखाडी किंवा मातकट रंग लावीन. त्यावर पाकळीही वेगळी दिसते आणि खोडही.

जुनाकॅमेरा

मुद्दा मान्य. कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे जर्मन गृहस्थ होते (१८६५ ते १९३२), बर्लिनमध्ये कलाशाळेत शिकवायचे, विद्यार्थ्यांना झाडांचे आकार दाखवायचे म्हणून घरी बनवलेल्या कॅमेऱ्याने कळ्या, कोंब, बिया कित्येक पट मोठ्या करून काढायचे. मागे साधा पुठ्ठा आणि मऊ दिवसाचा उजेड, बाकी काही नाही. त्यांचे बरेचसे फोटो राखाडी पुठ्ठ्यावर आहेत आणि त्यात काळपट देठाची कडसुद्धा स्पष्ट दिसते. तेव्हा राखाडीला माझी हरकत नाही, फक्त कापडाला सुरकुत्या नकोत.

घरात घोंगडी आहे का हो? लोकर असल्यामुळे चमकत नाही, सुरकुती पडत नाही, आणि तो काळा तपकिरी रंग खोडाच्या हिरव्यापासून वेगळा राहतो.

सातपुते_वायरमन

मी इलेक्ट्रिकचं काम करतो, फोटोचं फार कळत नाही, पण दिव्याबद्दल सांगतो. पिवळा बल्ब ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) असतो आणि पांढरा ६५००, दोन्ही एकाच वेळी लावले तर फूल एका बाजूने पिवळं एका बाजूने निळं येणार, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर पण नीट होत नाही. म्हणून एकाच रंगाचा दिवा. हॉलमधला लाईट, फ्रिजवरचा नाईट लॅम्प, देवघरातला लाल झिरो बल्ब, सगळे बंद करा.

खोक्यावर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) लिहिलेला असतो तो ९० च्या वर असलेला बल्ब मिळाला तर घ्या, थोडा महाग पडतो, साध्या स्वस्त बल्बमध्ये लाल रंग मरतो, तुमच्या फुलाचे ते गुलाबी दोरे मातकट दिसतील.

आणि आपल्याकडे करंट ५० हर्ट्झचा, म्हणजे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होतो, डोळ्याला कळत नाही पण फोनमध्ये आडवे पट्टे येतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की जातात. डीएसएलआरवर एक सेकंद ठेवणार असाल तर प्रश्नच नाही.

अबोली_डोंबिवली

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. घोंगडी आहे!! सासूबाईंच्या वडिलांची आहे, कपाटात वरच्या फळीवर डांबरगोळ्या घालून ठेवलेली.

काल रुमाल लावून तालीम केली. दोन अडचणी आल्या. एक म्हणजे कळी पुढे अशी लोंबते आणि थोडा धक्का लागला की पाच मिनिटं झुलत राहते. दुसरं, एका दिव्याने पाकळ्या छान येतात (म्हणजे रुमालाच्या घड्या 😊) पण फुलाच्या आतला भाग, जिथे ते केसर असतात, तो काळोखात जातो, आणि कार्डशीट पुढे आणली तर ती फ्रेममध्ये दिसते.

आणि व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून असतं ते रंगाचं सेटिंग) ऑटोच ठेवू का?

काजवा

झुलण्याला उपाय, फुलाच्या मागचं खोड दोन जागी धर, एक बांबूची काडी कुंडीत खोचून तिला लोकरीच्या दोऱ्याने सैल बांध. फुलाच्या देठाला हात लावू नकोस, चपट्या खोडाला बांध. लोकर कारण सुतळी कापते.

ऑटो नको. पांढरा साधा कागद फुलाच्या जागी धरून त्याच उजेडात एक फोटो काढ आणि कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये तो निवड. नाहीतर प्रत्येक फोटोत वेगळा रंग येईल.

आता केसरांसाठी माझी आवडती युक्ती, मी कॅमेऱ्यावर हीच जास्त वापरतो. खोली पूर्ण अंधारी कर, फोकस आधीच करून मॅन्युअलवर लॉक कर, शटर १५ सेकंद, एफ ११, आयएसओ १००. शटर उघडं असताना हातात टॉर्च घेऊन, टॉर्चच्या तोंडाला दोन पदर बटर पेपर रबराने लावून, फुलाभोवती हळूहळू फिरव. मागून सहा सात सेकंद, बाजूने तीन, आणि आतल्या केसरांकडे वरून फक्त एक सेकंद. जिथे टॉर्च जास्त वेळ थांबला तिथे जास्त उजेड. म्हणजे लहानसा टॉर्च फिरता फिरता मोठ्या दिव्यासारखा वागतो, सावल्या लोण्यासारख्या मऊ येतात, आणि कार्डशीट लावायची कटकटच नाही. तू स्वतः गडद कपडे घाल आणि टॉर्चचं तोंड लेन्सकडे वळू देऊ नकोस, एवढं सांभाळ. पहिले पाच सहा फोटो जातील, मग हाताला लय सापडते. एकही फोटो दुसऱ्यासारखा येत नाही म्हणून भरपूर काढ.

फूल मात्र उघडत असताना हे करू नकोस, तेव्हा पाकळ्या हलत असतात. साडेअकरानंतर कर, तेव्हा ते स्थिर असतं.

परसदार

एक घरगुती सूचना. आमच्याकडे फूल उमललं की शेजारच्या बायका येतात, हळदकुंकू वाहतात, उदबत्ती लावतात. पूजा जरूर करा पण फोटो आधी काढून घ्या, पांढऱ्या पाकळीवर कुंकवाचा कण पडला की तो निघत नाही, फुंकला तर अजून पसरतो. आणि पाच सहा माणसं खोलीत वावरली की लादीबरोबर ट्रायपॉड हलतो.

शेवंता

फोनवाल्यांसाठी पण कोणीतरी लिहा म्हणून मीच लिहिते. फोन जवळ नेऊ नका, फोनचीच सावली फुलावर पडते आणि पाकळ्या वाकड्या मोठ्या दिसतात. दोन अडीच फूट मागे राहून २एक्स वर काढा. फुलाच्या सगळ्यात उजळ पाकळीवर बोट दाबून धरा, फोकस लॉक झाला की ते सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पाकळीवरच्या शिरा दिसेपर्यंत खाली. फोन पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवा.

थोडं विषयाबाहेर, पण पावसाळा आहे आणि प्राजक्त पडतोय म्हणून सांगते. ज्यांच्याकडे स्कॅनर आहे त्यांनी सकाळी वेचलेला प्राजक्त काचेवर पालथा मांडून, झाकण उघडं ठेवून, खोलीत अंधार करून स्कॅन करून बघा. बॅकग्राउंड आपोआप काळं येतं, केशरी देठ असे काही पेटतात की बस्स. घरगुती प्रिंटरमधल्या बहुतेक स्कॅनरना काचेला टेकलेलंच तेवढं स्पष्ट दिसतं, जरा उंच असलेलं धूसर होतं, त्यामुळे ब्रह्मकमळाला हे नाही चालणार, पण प्राजक्त, बकुळ, गोकर्ण यांना फार छान.

अबोली_डोंबिवली

मंडळी, झालं!! परवा रात्री दोन फुलली आणि काल पाच. परवाच्या दोघांवर सराव केला आणि काल खरे फोटो काढले.

काल दुपारी तीनला कळ्या वर बघायला लागल्या, संध्याकाळी कुंडी हळूच सासूबाईंच्या खोलीतच आणली, हे आधी डोक्यात नव्हतं पण मग वाटलं की फोटोसाठी घरात आणायचीच आहे तर त्यांच्याच खोलीत का नको. त्यांच्या पलंगासमोर कुंडी, मागे दाराच्या पडद्याच्या दांडीवर घोंगडी, डावीकडे भरतकामाची रिंग (त्यांचीच, कापड मात्र माझ्या ओढणीचं, धोतर नव्हतं), आणि सगळे दिवे बंद. आठला पहिलं टोक उघडलं. खोलीभर वास. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि मला सांगत होत्या अगं आता ती उजवीकडची बघ, ती हलली. मला व्ह्यूफाइंडरमधून दिसत नव्हतं ते त्यांना तिथून दिसत होतं.

घोंगडी फार म्हणजे फारच छान आली, काळी नाही, तपकिरी धुक्यासारखी, आणि खोडाची कड वेगळी दिसते. दिवा मागे नेल्यावर पाकळ्यांचे थर दिसायला लागले तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. एक स्टॉप कमी घेतल्यावरही मधली पाकळी उडत होती म्हणून दीड केला. पावणेबाराला टॉर्चवाला प्रयोग केला, चौदा फोटो काढले, त्यातले तीन चांगले आलेत, आतलं ते पांढऱ्या चांदणीसारखं असतं ना केसरांच्या मधे, ते नीट दिसतंय. टॉर्च शेवटी शेवटी सासूबाईंनी धरला कारण पलंगावरून त्यांचा हात बरोबर त्या कोनात पोचत होता, मी फक्त सेकंद मोजत होते.

आज सकाळी लॅपटॉपवर दाखवले तर त्यांना पूर्ण उमललेला नकोय, त्यांना नऊ वाजून चाळीस मिनिटांचा हवाय, अर्धा उघडलेला, देठ वळलेला. म्हणजे टॉर्चचा नाही, एका दिव्याचा. तो १२ बाय १८ इंची होईल का? कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, थोडा क्रॉप करावा लागेल. आणि ग्लॉसी घेऊ की मॅट?

जुनाकॅमेरा

आरामात होईल. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, तुमचा पूर्ण फोटो ४००० बाय ६००० असणार, म्हणजे थोडा क्रॉप करूनही पुरतो. जास्त क्रॉप झाला तरी भिंतीवर लावायला २०० डीपीआय चालतं.

मॅट घ्या. पलंगावरून बघणार असतील आणि समोर खिडकी असेल तर ग्लॉसीत खिडकीच दिसेल. लॅबला फाईल पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, पिक्सेल निम्म्याहून कमी होतात, पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि आधी ४ बाय ६ चा एक छोटा प्रिंट काढून खोलीतल्या उजेडात बघा, गडद फोटो कागदावर स्क्रीनपेक्षा अजून गडद येतो. घोंगडी पार काळी झाली तर थोडं उजळून मग मोठा काढा.

खिडकीपाशी

तो नऊ चाळीसचा इथे पण टाक ना. आणि टॉर्चवाले तिन्ही.